कॅम्प कुठला? आधी पोराला विचारा!

‘जळगावला चाललेय’ म्हटलं की मित्रमंडळी केळी आणायला सांगतात. अहो, ते खानदेशातलं! माझी ताई राहते बुलढाणा जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदला. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरायचं, पुढे एसटी. मे महिन्यात खिडकी उघडली तर झळा, लावली तर भट्टी!

ताईपुढे यंदा दोन पर्याय होते. पुण्याकडचा ख्रिस्ती निवासी समर कॅम्प : घोडे, तलाव, कॅम्पफायर. किंवा खामगावला आजीकडे राहून चर्चची व्हीबीएस, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल. अमेरिकेतून आलेली ही कल्पना आपल्याकडे मस्त रुजलीय. गाणी, बायबलमधली गोष्ट, हस्तकला आणि मग घरी!

मी निवासी कॅम्पला फोन लावला. घोडे किती, ते चटकन कळलं. रात्री मुलांजवळ कोण झोपतं? किती मुलांमागे एक मोठं माणूस? मुलांना घरी फोन करू देता का? उत्तर एकच, ‘मॅडम, काळजी करू नका.’

आठ वर्षांचा भाचा सगळं ऐकत होता. हळूच म्हणाला, ‘मावशी, तिथं अंथरूण ओलं झालं तर?’

ताई गप्प. फॉर्मवर हे लिहायचं तिने टाळलं होतं.

तुम्हीही कॅम्प शोधताय? फी नंतर बघा. जे फॉर्मवर लिहायला लाज वाटते, तेच आधी फोनवर विचारा. समोरचा कसं उत्तर देतो, त्यावरून कॅम्प कळतो.

भाचा यंदा खामगावला गेला. माहितीपत्रकातला घोडा मात्र कापून त्याने वहीत चिकटवलाय. पुढच्या वर्षासाठी!