टापेखालची ओल

माथेरानात जुलै महिन्यात घोड्याचा पाय उचलला की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. पुतळी सडल्याचा वास उग्र, कुजका असतो आणि हात धुतले तरी बोटांना राहतो. तळव्यावर टाचेकडून पुढे निमुळता होत गेलेला चिवट, लवचीक त्रिकोण म्हणजे पुतळी. तिच्या दोन्ही अंगांना खोल खाचा आणि मधोमध एक उथळ खोबण. तिथे काळा चिकट लगदा साचलेला दिसला की थ्रश (पुतळीची सड) झालाच म्हणायचा.

*

सगळा दोष पावसावर ढकलू नये. यातला मुख्य जंतू फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. गाई-मेंढ्यांची खुरं कुजतात त्यातही त्याचा हात असतो. त्याला हवा सोसत नाही. खाचेत शेण, मूत आणि चिखल यांचं बूच बसलं की आत हवा जात नाही आणि त्याचं फावतं. म्हणून ओल्या कुरणात दिवसभर हिंडणाऱ्या घोड्याची पुतळी बऱ्याचदा शाबूत राहते आणि भर उन्हाळ्यात मुतानं भिजलेल्या तबेल्यात बांधलेल्याची सडते. चालताना पुतळी जमिनीवर दाबली जाते, टाच किंचित फाकते, अडकलेला मळ सुटतो, पायात रक्त खेळतं. दावणीच्या घोड्याला यातलं काही मिळत नाही. माथेरानात पावसाळ्यात प्रवासी रोडावतात, धंदा बसतो, जनावर उभंच राहतं. ओल आणि बेकारी एकदमच येतात, हे खरं दुखणं.

*

एका अश्वपालाचं काम जवळून पाहिलं. मागचा पाय मांडीवर घेतला, टाप साफ करायचा आकडा टाचेकडून पुढे ओढला. उलटा कधीच नाही, टोक पुतळीत घुसतं. टापेच्या आकाराचा चिखलाचा गठ्ठा सुटून पडला. मग कापूस घेऊन त्यानं मधली खोबण अंगठ्यानं हलकेच फाकवली. निरोगी खोबणीत अंगठा आरामात बसतो. इथे नुसती चीर होती, टाचेच्या दोन उशांच्या मध्ये शिरलेली, आणि कापूस आत जातच राहिला. घोड्यानं पाय हिसकला. अश्वपाल जवळच्या पोराला म्हणाला, “बघ, दुखतंय त्याला. याच्यावर आज कुणाला बसवू नको.”

वरून पुतळी ठीक दिसत असताना ही मधली चीर पोखरत जाते. घोडा टाच टेकायची टाळून टापेचं टोक आधी टेकतो, ते ओळखायला शिकलं पाहिजे.

*

उपचार साधा, पण रोजचा. सैल, सडका भाग नालबंदाकडून छाटून घ्यावा, निरोगी पुतळीला हात लावू नये. धुवावं आणि कोरडं करावं. ओल्यावर औषध चढवलं तर ते वाहून जातं. मग पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस खाचेत हलक्या हातानं बसवावा, दुसऱ्या दिवशी काढून नवा. मोरचूद वापरणारे बरेच आहेत. तो ओल सुकवतो हे खरं, पण उघड्या मांसावर त्याचे खडे चरचरतात. फिनेल किंवा फॉर्मालिन ओतू नये. जंतूंबरोबर जिवंत पेशीही मरतात आणि त्या मेलेल्या थरात पुढची सड रुजते.

रक्त येत असेल, घोडा लंगडत असेल, पायाला सूज असेल तर पशुवैद्य. पुतळीवर फुलकोबीसारखी मऊ वाढ दिसली तर तो कँकर, वेगळाच आजार, घरच्या औषधानं आवरत नाही. आणि धनुर्वाताची लस. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि ते जंतू शेणामातीतच असतात. या एका गोष्टीत चालढकल झाली की मला राग येतो.

*

नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर छाटावं. पैशांअभावी ती मुदत लांबते. खूर वाढतं, टाचा आत आवळतात, पुतळी जमिनीपासून उचलली जाते, खाचा अरुंद आणि खोल होतात. मग कितीही औषध घाला.

*

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा घेताना अंगावरचे भोवरे बघतात, त्यातला शुभ देवमण बघतात, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी म्हणून जास्त पैसे मोजतात. चारही पाय उचलून वास घेणारं गिऱ्हाईक विरळं.

*

तबेल्याच्या जमिनीचा विचार नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचा अध्याय आहे. प्रत्येक घोड्याच्या ठाणाला गुळगुळीत फळ्यांची जमीन आणि मलमूत्र बाहेर जायची सोय हवी, असं तिथे सांगितलंय. ग्रीसचा झेनोफन इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहितो की ओलसर, गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचीही वाट लावते. तिला उतार द्यावा आणि दगड बसवावेत. फळ्या की दगड, यावर दोघांचं जुळत नाही. पाणी साठू द्यायचं नाही, यावर जुळतं.

*

माथेरानच्या रस्त्यांवरच्या पेव्हर ब्लॉकचा वाद मोठा झाला, घोडे घसरतात ही अश्वपालांची तक्रार रास्तच आहे. पण पावसाळ्यात घोडा दिवसातले बहुतेक तास तबेल्यात उभा असतो आणि त्या जमिनीबद्दल फारसं ऐकू येत नाही. चोपलेल्या मुरमाची उताराची जमीन, बाजूनं चर, न गळणारं छप्पर, ओला बिछाना रोज सकाळ-संध्याकाळ बाहेर. आणि पाऊस उघडला की बसणारा असो-नसो, घोडा तासभर तरी फिरवून आणावा.