म्हातारचळ नव्हे

३४ वर्षे मी शाळेत गणित शिकवले. ‘सिद्ध करा’ हे शब्द फळ्यावर लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला आपली विचारपद्धती निर्दोष वाटू लागते. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणाने माझा हा समज दूर केला.

आई तेव्हा ८३ वर्षांची होती. गुडघे दुखत, ऐकू कमी येई. पण स्मरण लख्ख होते. दुधाचा महिन्याचा हिशेब ती तोंडी करी. भाद्रपदातल्या एका मंगळवारी तिने मला विचारले, “भाऊ, गाडी किती वाजताची?” भाऊ म्हणजे माझे मामा, त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या रात्री ती उठून दाराची कडी काढू लागली. सकाळी दोन शब्द नीट बोले, दुपारी गुंगीत असे, रात्री पुन्हा भ्रमिष्टासारखी वागे. तिसऱ्या दिवशी तिने भरवलेला भात थुंकून टाकला आणि मी तिच्यावर ओरडलो.

माझे अनुमान तयार होते. वय ८३, माणसे ओळखता येत नाहीत, थोरल्या मावशीलाही असेच झाले होते. म्हणजे हा स्मृतिभ्रंशच. रात्रीच्या सोबतीला बाई शोधायलाही मी सुरुवात केली.

पत्नीला मात्र ते पटेना. “अहो, रविवारी आईंनी माझ्याबरोबर बसून अळूच्या पानांना पीठ लावले. दोन दिवसांत माणूस असा हरवतो का?”

“पुरावा काय?” मी विचारले. ती गप्प राहिली. तिचे म्हणणे मी मायेचा उमाळा समजून बाजूला सारले. खरे कारण तिलाही उमगले नव्हते. महिन्यापूर्वी आईची बालमैत्रीण वारली होती. त्या दुःखाने मन खचले आहे, धीर दिला की सावरतील, असे तिला वाटे.

अखेर तिच्या आग्रहाखातर शुक्रवारी आम्ही आईला दवाखान्यात नेले. “हे नेमके कधीपासून?” आणि “अलीकडे एखादे औषध बदलले का?” हे डॉक्टरांचे पहिले दोन प्रश्न होते. तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी सुरू झाली होती. रक्त तपासले. सोडियम १३५ ते १४५ असावे लागते. आईचे ११७ होते. तिला दाखल करून ती गोळी थांबवली आणि सोडियम सावकाश वाढवले. ते फार वेगाने वाढले तरी मेंदूला इजा होऊ शकते. सहाव्या दिवशी आईने विचारले, “दूधवाल्याचे पैसे दिलेस का?”

या अवस्थेला डिलिरिअम म्हणतात, हे मला तेव्हा कळले. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. डिलिरिअम काही तासांत किंवा दिवसांत येतो आणि एकाच दिवसात कमीजास्त होतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, झोपेची गोळी किंवा नवे औषध, यांपैकी कशानेही तो उद्भवू शकतो. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या माणसालाही तो होतो. म्हणून वागण्यात अचानक बदल दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, की घरीच मीठ वाढवू नये.

आपल्या न्यायशास्त्राने विचाराच्या सोळा पदार्थांत ‘संशया’ला तिसरे स्थान दिले आहे. माझ्या विचारात संशयाला जागाच नव्हती. ज्याला मी तर्क म्हणत होतो, ती ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणच होती. आणखीही एक कबुली द्यायला हवी. तीन रात्री जागून मी थकलो होतो, घाबरलोही होतो. एकदाचे काही उत्तर मिळावे एवढेच मला हवे होते. म्हणजे भावना माझ्याही मनात होती, फक्त मी ती ओळखली नाही. पत्नीची माया मात्र आईकडे पाहत होती. २९ वर्षे एका स्वयंपाकघरात वावरताना तिने आईला जे न मोजता पाहिले होते, त्यातून ‘काहीतरी वेगळे घडते आहे’ ही जाणीव तिला झाली. तो संशय तिच्या मायेने उभा केला. पण मायेने सुचवलेल्या उत्तरावर आम्ही विसंबलो असतो, तर आईला धीर देत बसलो असतो आणि सोडियम उतरतच राहिले असते. ते उत्तर पडताळायला दोन नेमके प्रश्न आणि रक्ताची एक तपासणी लागली.

आता आमच्या घरी एक वही आहे. कोणती गोळी कधी सुरू झाली, हे त्यात मी लिहितो. ‘आज आई नेहमीसारख्या वाटत नाहीत’ अशी नोंद पत्नी करते, आणि तिला मी आता पुरावा मागत नाही. फोन उचलून डॉक्टरांची वेळ घेतो. त्या चार दिवसांतले आईला काहीच आठवत नाही. मी ओरडलो होतो, हे मी तिला नंतर सांगितले. ती म्हणाली, “दमला असशील.”