कपाचा कान

माझी पुतणी अमेरिकेत गणित 'करते'. आमच्या वेळी गणित सोडवायचं असे, आणि ते सुटत नसे. परवा ती चांद्याला आली. मुक्काम भिंतीपलीकडे वडिलांकडे, दुपारचा चहा माझ्याकडे. बोलता बोलता टोपॉलॉजीच्या संमेलनाचा विषय निघाला. नावात टोपी आहे म्हणून मला वाटलं, असेल आम्हा म्हाताऱ्यांचं काहीतरी. तर हे संमेलन भरतं जॉर्जिया विद्यापीठात, अथेन्स नावाच्या गावी. एरवी वार्षिक, बेताचं. आणि 1961 सालापासून दर आठ वर्षांनी मोठं, जगभरच्या गणित्यांचं. थोडक्यात, जत्रा आणि कुंभमेळा.

"पण तिथे जमून करता काय?"

तिने एका हातात कप घेतला, दुसऱ्या हातात कडबोळं. "काका, ही दोन्ही एकच."

मी चष्मा पुसला. टोपॉलॉजीत म्हणे लांबी, रुंदी, आकारमान सगळं माफ. वस्तू रबराची समजायची. ताणा, दाबा, वाकवा. फक्त तोडायची नाही आणि चिकटवायची नाही. कपाला कानाचं एक भोक, कडबोळ्याला एक भोक. सबब दोन्ही सारखी.

लांबी-रुंदी माफ! हे चांद्यात मोठ्याने बोलायची सोय नाही. पुणं मुळशीकडे सरकू लागल्यापासून इथे माणूससुद्धा गुंठ्यात मोजतात. मी आणि थोरले बंधू, म्हणजे हिचेच वडील, एका बांधापायी आणि सामाईक विहिरीपायी नऊ वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही.

"मग आमची विहीर? एवढं मोठं भोक आहे ते!"

"छे! आरपार जातं का? नुसता खळगा. कपाच्या पोटासारखा. ताणून सपाट करता येतो."

म्हणजे नऊ वर्षं जिच्यासाठी मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ती विहीर टोपॉलॉजीच्या लेखी नव्हतीच. आमच्या वकिलांना हे ठाऊक असावं, बोलले नाहीत.

मी तिरीमिरीत कडबोळं मोडलं.

"आता मात्र ते वेगळं झालं हं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "काका, बाबांना चहाला हाक मारू?"

मी काही बोललो नाही. उठून फडताळातून आणखी एक कप काढला. हाताला आला तो नेमका कान तुटलेला.

"हा आता कप नाही, काका. हा चेंडू."

"असू दे," मी म्हटलं. "तुझ्या बापाला कप कानाशी धरायची सवय नाहीच. बशीत ओतून पितो तो."