कराच्या बिलातील शाळा

बार्शीच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे तुरीची आडत चालवलेल्या अण्णांना, समोर आलेला कागद न वाचता बाजूला सारणे कधी जमले नाही. शिकागोच्या वायव्येस असलेल्या पॅलाटाइन या उपनगरात मुलाच्या घरी राहत असताना, स्वयंपाकघरातील टेबलावर कुक काउंटीच्या घरपट्टीचे बिल तीन दिवस पडून असलेले त्यांनी पाहिले. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि नातीला शेजारी बसवून ते वाचायला घेतले. नोव्हेंबर संपत आला होता. सहा महिन्यांच्या परवान्यावर जूनमध्ये आलेले अण्णा डिसेंबरच्या मध्यास परतणार होते.

बिल पाहून ते प्रथम चकित झाले ते रकमेने नव्हे, तर नावांनी. एका घरावर कर मागणाऱ्या संस्था डझनाहून अधिक होत्या. काउंटी, टाउनशिप, गाव, उद्याने, ग्रंथालय, सांडपाणी, हार्पर कॉलेज, इतकेच काय, डासांच्या निर्मूलनासाठीही एक स्वतंत्र जिल्हा. प्रत्येकीसमोर तिचा दर, तिची रक्कम, आणि त्या रकमेतील निवृत्तिवेतनाचा भाग वेगळा छापलेला. शिवाय प्रत्येक संस्थेच्या डोक्यावर कर्ज किती, तेही त्याच बिलावर. देणेकऱ्याने आपले कर्ज घेणेकऱ्याच्या हाती इतक्या सरळपणे लिहून द्यावे, हे अण्णांनी उभ्या हयातीत पाहिले नव्हते.

एकूण रकमेतील निम्म्याहून अधिक भाग दोनच नावांपुढे होता. एक, आठवीपर्यंतच्या शाळा चालवणारा जिल्हा क्रमांक १५. दुसरा, नववी ते बारावीच्या हायस्कुलांचा टाउनशिप हायस्कूल जिल्हा क्रमांक २११.

येथे ‘जिल्हा’ म्हणजे सोलापूर जिल्हा नव्हे. हा केवळ शाळांसाठी आखलेला प्रदेश. त्याला स्वतःचे निवडून दिलेले मंडळ असते, स्वतःची कर बसवण्याची सत्ता असते, आणि गावाच्या महापौराला त्यात काडीचाही अधिकार नसतो. इलिनॉय राज्यात असे साडेआठशेच्या आसपास जिल्हे आहेत. त्यांतील शंभराच्या घरात केवळ हायस्कुलांचे. गावाच्या सीमा आणि यांच्या सीमा जुळतीलच असे नाही. रविवारी बार्टलेटच्या जैन मंदिरात पाठशाळेसाठी एकत्र येणारी कुटुंबे चार-पाच निरनिराळ्या शाळा-जिल्ह्यांत कर भरतात. मंदिर ज्या गावात आहे त्याचा बराच भाग एल्जिनच्या यू-४६ या बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या विशाल जिल्ह्यात मोडतो. पाठशाळा सुटल्यावर चपला शोधता शोधता जी बोलणी होतात ती बहुधा याच विषयाची असतात. कोणाचे घर कोणत्या शाळेच्या हद्दीत आहे आणि कोण कुठे घर घेते आहे.

अण्णांच्या मुलाच्या घरातही तीच बोलणी चालू होती. नात आठवीत होती. जिल्हा २११ मध्ये पाच हायस्कुले आहेत: पॅलाटाइन, फ्रेम्ड, कोनंट, शॉमबर्ग आणि हॉफमन इस्टेट्स. मिळून बारा हजारांच्या आसपास मुले. सध्याचे घर पॅलाटाइन हायस्कूलच्या हद्दीत होते. सूनबाईंनी दोन मैलांवर, फ्रेम्डच्या हद्दीत, एक घर पाहून ठेवले होते. खोल्या तितक्याच, अंगण थोडे लहान, आणि किंमत सव्वा लाख डॉलरने अधिक. मुलाने बँकेशी बोलणेही सुरू केले होते.

“अण्णा, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे,” सूनबाई म्हणाल्या. “आपण इतक्या लांब आलो ते कशासाठी?”

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “दोन्ही शाळा एकाच पेढीच्या आहेत ना? मग एका दुकानातला माल सव्वा लाखाने महाग का?”

प्रश्न भाबडा वाटला तरी भाबडा नव्हता. दोन्ही शाळांवर एकच मंडळ. कराचा दर एकच. शिक्षकांच्या संघटनेशी करार एकच, म्हणून वेतनश्रेणीही एकच. सुपरिंटेंडेंट एक. मग फरक कुठून आला?

नातीने राज्य सरकारचे शाळांचे प्रगतिपत्रक उघडले. इलिनॉयमध्ये प्रत्येक सरकारी शाळेचे असे पत्रक दरवर्षी जाहीर होते. अकरावीच्या परीक्षेत किती मुले अपेक्षित पातळीला पोहोचली (ही परीक्षा २०१७ पासून एसएटी होती, २०२५ पासून एसीटी झाली), चार वर्षांत किती उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, किती मुले वारंवार गैरहजर असतात, नववीतील किती जण योग्य मार्गावर आहेत, एका मुलामागे खर्च किती. मुलाने आणि सूनबाईंनी त्यातला पहिलाच आकडा पाहिला होता. घरे विकणारे दलालही तोच दाखवतात.

अण्णांनी सारी पाने पाहिली, तेव्हा त्यांची नजर भलत्याच रकान्यावर थांबली. अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांचे प्रमाण. पॅलाटाइनमध्ये ते फ्रेम्डपेक्षा कितीतरी मोठे होते. घरी स्पॅनिश बोलणारी आणि इंग्रजी अजून शिकत असलेली मुलेही तेथे अधिक. त्यांनी नातीला समजावले ते आपल्या धंद्याच्या भाषेत. दोन दुकाने आहेत. एकाच्या मालकाला वडिलांकडून दहा लाखांचे भांडवल मिळाले, दुसऱ्याने उसनवारीवर गल्ला मांडला. वर्षअखेरीस पहिल्याच्या पेटीत अधिक पैसे निघाले, म्हणून तो व्यापारी अधिक हुशार ठरत नाही. प्रथम मुद्दल वजा करावे लागते. नफा नंतर मोजायचा.

त्या पत्रकात मुलांचे गट वेगळे पाडूनही गुण दिलेले असतात. सारख्या घरांतील मुले सारख्या घरांतील मुलांशी ताडून पाहिली की एरवी मोठे दिसणारे अंतर साधारणतः पुष्कळ आकसते. ते शून्य होत नाही, हेही खरे. वर्गातील सोबत्यांचा परिणाम होतो. वरच्या पातळीचा विषय घेणारी मुले पुरेशी नसतील तर एखादा वर्ग भरतच नाही. सूनबाईंची काळजी निराधार नव्हती, आणि अण्णांनी ती तशी ठरवलीही नाही.

“मग हे सगळे ठरवते कोण?” त्यांनी मुलाला विचारले.

“स्कूल बोर्ड.”

“त्यांना निवडते कोण?”

“लोक. एप्रिलमध्ये निवडणूक असते.”

“तू कोणाला मत दिलेस?”

मुलगा सात वर्षांपूर्वी अमेरिकेचा नागरिक झाला होता. नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी तो रांगेत उभा राहिला होता. विषम सालच्या एप्रिलमध्ये होणाऱ्या या मतदानाला मात्र एकदाही गेला नव्हता. त्यात तो एकटा नव्हे. शिकागोच्या उपनगरांत या निवडणुकीला अनेकदा नोंदलेल्या मतदारांपैकी पाचवा हिस्साही फिरकत नाही. मंडळात सात सभासद असतात, मुदत चार वर्षांची. दर दोन वर्षांनी काही जागा रिकाम्या होतात. सभासदाला एक डॉलरही मानधन घेता येत नाही, तशी कायद्याचीच मनाई आहे. जिल्ह्यात वर्षभर राहिलेला नोंदणीकृत मतदार कोणीही उभा राहू शकतो. २११ मध्ये पाच शाळांच्या पाच जागा नाहीत. सातही सभासद साऱ्या जिल्ह्याचे.

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. गावी एका शिक्षणसंस्थेचे ते बावीस वर्षे विश्वस्त होते. संगमरवरी फलकावर त्यांचे नाव आहे. त्या संस्थेत प्रयोगशाळेच्या इमारतीसाठी निधी जमला होता. व्यापाऱ्यांनी सढळ हाताने दिला होता. तीन वर्षे त्या निधीचा जमाखर्च सभेपुढे आलाच नाही, आणि अण्णांनी तो मागितला नाही. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार, ज्यांच्या घरी लग्नकार्याला जायचे, त्यांच्याकडे हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे त्यांना तेव्हा वाटले होते. आपल्या दुकानात संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय ते घरी जात नसत. प्रयोगशाळा झाली ती पुढे नऊ वर्षांनी, अर्धी. हे त्यांनी मुलाला पूर्वी कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले.

डिसेंबरच्या आरंभी मंडळाची सभा होती. इलिनॉयमधील प्रत्येक शाळा-जिल्ह्याला पुढील वर्षीच्या कराची मागणी डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत काउंटीकडे दाखल करावी लागते. म्हणून या महिन्यातील सभा पैशांची असते. सभेची विषयपत्रिका ४८ तास आधी लावणे बंधनकारक आहे. कर्मचाऱ्यांविषयीची काही चर्चा दाराआड होऊ शकते, पण अखेरचे मतदान उघड्यावरच व्हावे लागते. सभेला कोणीही बसू शकतो. नागरिक असण्याची अट नाही. डिसेंबरात तिथे सूर्य साडेचारच्या आत मावळतो. चार वाजताच जेवण उरकून अण्णा, मुलगा आणि नात सभेला गेले.

खुर्च्या पुष्कळ होत्या आणि माणसे थोडी. समोर सात जण, कडेला सुपरिंटेंडेंट. हा त्या मंडळाचा नोकर असतो, मालक नव्हे, हे अण्णांना मुद्दाम सांगावे लागले. कारण कागदपत्रे त्याच्याकडेच आणि बोलणेही बहुतांशी तोच करत होता. नोकर हुशार आणि मालक गप्प असले म्हणजे पेढी कोणाची होते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

करवाढीचे गणित पडद्यावर आले. राज्यात १९९१ पासून एक कायदा आहे, त्यानुसार जिल्ह्याची करमागणी वर्षाला ५ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल तितकीच वाढू शकते. कुक काउंटीला तो काही वर्षांनंतर लागू झाला. २०२१ अखेर महागाई ७ टक्क्यांवर गेली, तेव्हा मर्यादा ५ वरच थांबली. याहून अधिक हवे असेल तर लोकांचे मत घ्यावे लागते. सरकारकडून येणारा पैसा येथे थोडा. २०१७ च्या सूत्राने नवा पैसा प्रथम गरजू जिल्ह्यांकडे वळतो, आणि पुरेशी साधने असलेल्या जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातले कणभरच येते. म्हणजे भार घरांवर आणि दुकानांवर. दुकानांवर जास्तच, कारण कुक काउंटीत घराचे मूल्यांकन बाजारभावाच्या १० टक्के धरतात आणि व्यापारी जागेचे २५ टक्के. शॉमबर्गमधील वुडफील्ड मॉल याच जिल्ह्याच्या करात येतो. तेथे १९७१ पासून जे व्यापारी भाडे भरत आले त्यांच्या गल्ल्यातला हिस्सा पाचही शाळांच्या फळ्या-खडूंत गेलेला आहे. अण्णांना ही गोष्ट फार आवडली. परतताना गाडीत त्यांनी ती दोनदा काढली.

लोकांना बोलण्याची वेळ आली तेव्हा मुलगा उठला. घरी ठरले नव्हते. त्याने एकच प्रश्न विचारला: पाचही शाळांत गणिताचे आणि विज्ञानाचे वरचे वर्ग सारखेच उपलब्ध असतात का, आणि पुरेशी मुले नसल्यामुळे ते कुठे रद्द होतात का? सभासदांनी ऐकून घेतले, आभार मानले आणि पुढचा विषय पुकारला. नागरिकांच्या प्रश्नांना तेथल्या तेथे उत्तर न देण्याचा अशा मंडळांचा बहुधा परिपाठ असतो. मुलगा लाल होऊन बसला.

“उत्तर नाही दिले,” तो गाडीत म्हणाला.

“नोंद झाली ना?” अण्णा म्हणाले. “आता माग लागला की लागायचाच.”

चार दिवसांनी कार्यालयाकडून उत्तर आले, सोबत विषयांची पुस्तिका. सूनबाईंनी ती रात्री उशिरापर्यंत वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पॅलाटाइन हायस्कूलमध्ये समुपदेशकाची वेळ मागून घेतली. तेथे त्या तासभर बसल्या, वाद्यवृंदाचा सराव ऐकून आल्या, हार्पर कॉलेजचे श्रेयांक हायस्कूलमध्येच मिळवता येतात ते कसे, हे लिहून आणले. तरी त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. त्यांनी तसे सांगितलेही. पण त्या घराविषयी त्या आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि नाताळच्या सुट्टीत ते दुसऱ्या कोणी घेतले. नात मनातून सुखावली. तिची व्हायोलिन वाजवणारी मैत्रीण याच हद्दीत राहत होती.

अण्णा ठरल्याप्रमाणे परतले. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, बार्शीत रात्र झालेली असताना, मुलाचा फोन आला. मतदान करून आलो, म्हणाला. केंद्रावर रांग नव्हती, आधी दोघेच होते. उमेदवारांपैकी चौघांचे म्हणणे त्याने ऐकले होते. सूनबाई दुपारी जाणार होत्या. अण्णांनी हुं म्हटले आणि नातीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन करून ते थेट त्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात गेले. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहायचे आहेत, असे त्यांनी कारकुनाला सांगितले. कारकून गडबडला. “अण्णा, तुम्ही कशाला त्रास घेतलात? घरी पाठवतो की.” मग कपाटाची किल्ली सचिवांकडे आहे, आणि ते अकराशिवाय येत नाहीत, असेही त्याने सांगितले.

तेव्हा साडेनऊ झाले होते. अण्णांनी काठी भिंतीला टेकवली आणि फलकाखालच्या बाकावर ते बसून राहिले.