बेळगावातली मलेशियन रात आणि आमची झाडीपट्टी

देसाईगंज-वडसा ते बेळगाव म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडणे. नागपूर, पुणे, मिरज असा गाड्या बदलत मी तिथे उतरलो तो मुलीला भेटायला. ती तिथे शिकते, वसतिगृहात राहते. "अब्बू, शनिवारी आलात तर मलेशियाच्या मुलांचा कार्यक्रमही बघाल," असे तिने फोनवर सांगून ठेवले होते.

बेळगावात मलेशियाची मुले कुठून आली, असा प्रश्न मलाही पडला होता. 1916 साली स्थापन झालेली तिथली केएलई संस्था आणि युनिव्हर्सिटी सायन्स मलेशिया हे विद्यापीठ यांनी 2010 पासून डॉक्टरीचा एकत्र अभ्यासक्रम चालवला आहे. शिक्षण बेळगावात, पदवी तिकडची. त्या विद्यापीठाचा वैद्यकीय विभाग केलांतान राज्यात आहे, आणि केलांतान म्हणजे मलय लोककलांचे माहेर. घरापासून हजारो किलोमीटरवर आलेली ही मुले वर्षातून एखादी रात्र आपले घर मंचावर मांडतात.

कार्यक्रम मगरिबनंतर सुरू झाला. भाषणे जरा लांबली. ते दुखणे सगळीकडे सारखेच. मग दहा-बारा मुले मांडी घालून ओळीने बसली. पुढचा एक जण गाऊ लागला आणि मागचे सगळे टाळ्यांच्या ठेक्यावर हात, खांदे, माना डोलवू लागले. याला ‘दिकिर बारात’ म्हणतात. ‘दिकिर’ हा शब्द अरबी ‘झिक्र’वरून आला असे मानले जाते, पण आता यात चिमटे, कोपरखळ्या, गावगप्पा सारे येते. एक ओळ कळत नव्हती, तरी मला आमची दंडार आठवली. नंतर हिजाब घातलेल्या मुलींनी कोंपांग वाजवले. आपल्या डफासारखेच वाद्य, तिकडे लग्नाच्या वरातीत वाजते.

मध्यंतरात मुलीच्या मैत्रिणीने मला विचारले, "आपा खबर?" मी चमकलो. म्हणजे ‘काय खबर, कसे आहात?’ मलय भाषेत दुनिया आहे, किताब आहे, साबण आहे. आणि त्याच भाषेत गुरू, राजा, बुमी आहे. ‘भाषा’ला ते ‘बाहासा’ म्हणतात. अरबी आणि संस्कृत शब्द एका वाक्यात गुण्यागोविंदाने नांदताना ऐकून आमच्या घरातली मराठीच ऐकतोय असे वाटले. ती मुलगी माझ्या मुलीला पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली होती, "तू मुस्लिम, मग घरी मराठी कशी बोलतेस?" मुलीने उलट विचारले, "तू मुस्लिम, मग मलय कशी बोलतेस?" तेव्हापासून दोघींची दोस्ती. नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर तिखट सांबल, शेंगदाणे आणि अंडे, हे दोघी एका ताटात जेवल्या.

मला खरे गुंतवले ते बांबूच्या नाचाने. बोर्निओ बेटावरचे साबा आणि सारावाक 1963 मध्ये मलेशियात आले. साबातल्या मुरुत आदिवासींचा हा ‘मागुनातिप’. जमिनीवर बांबू आपटत, जुळवत राहायचे आणि नाचणाऱ्यांनी मधून पाय काढायचे. चुकले की घोटा गेला. बांबू म्हटले की गडचिरोलीचा माणूस पुढे सरकून बसणारच. आमच्याकडे 2011 साली मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा हक्क मिळाला, तेव्हा जिल्हाभर त्याचीच चर्चा होती.

नाचणाऱ्यांत एक चिनी वंशाची मुलगी होती, पेनांगची. मी तिला विचारले, हा तुमचा नाच? ती म्हणाली, "नाही, हिचा," आणि शेजारच्या मुलीकडे बोट केले. साबाची ती मुलगी ओळीत सर्वांत पुढे होती; बाकीच्यांना पावले तिनेच शिकवली होती.

हे मनात रुतले. आमच्या शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ हमखास असते. बाजारातली रंगीत पिसे लावून वडशा-चंद्रपूरची मुले नाचतात, आणि भामरागडकडचा माडिया मुलगा, ज्याच्या गावात रेला रात्रभर चालतो, तो प्रेक्षकांत खाली मान घालून बसतो. त्याला कुणी विचारत नाही, पावले कशी टाकायची. पिसे काढून टाका असे मी म्हणत नाही. त्याला पुढे उभे करा, एवढेच.

परतताना मुलीने मला कोड्यात टाकले. विदर्भातल्या मुलामुलींनाही पुढच्या वर्षी एक रात्र मिळणार आहे. "आपलं काय दाखवू?" मी म्हणालो, कव्वाली बसवा. ती म्हणाली, "कव्वाली सगळेच करतील. आपण वडशाचे ना? झाडीपट्टी दाखवू." मी गप्पच झालो. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. दिवाळीपासून होळीपर्यंत, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत नाटके होतात. याच रंगभूमीवर 5000 वर प्रयोग आणि 800 भूमिका केलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या घरातही घोंगडी घेऊन नाटकाला जाणारे होते, अजून आहेत. तरी ‘आपले’ म्हणून मला ते सुचले नव्हते, तिला सुचले.

वडशाला आल्यावर ओळखीच्या एका नटाकडे गेलो. अर्ध्या तासाचा प्रवेश हवा, झाडी बोलीतला, असे सांगितले. तो आनंदाने तयार झाला. कार्यक्रम किती वाजता संपतो, असे त्याने विचारले. मी म्हणालो, रात्री दहाला.

तो मोठ्याने हसला. "भाईजान, दहाला तर आमची पहिली घंटाबी होत नाही!"