रंग धरला तेवढाच खरा

वार्षिक प्रदर्शन जवळ आलें कीं आपल्या हातून कांहीं तरी अलौकिक घडावें असें प्रत्येक वर्गास वाटूं लागतें. आम्ही दहावीचे चौघे विद्यार्थी त्यास अपवाद नव्हतों. डाळिंबाच्या रसानें रंगविलेल्या कांचेपासून वीज निर्माण करण्याचें काम शास्त्राच्या सरांनीं आमच्यावर सोपविलें होतें. त्यांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. तो सांगितल्यावांचून आम्ही काय शिकलों हें सांगतां येणार नाहीं, म्हणून तो या अंकांत मोकळेपणानें मांडीत आहों.

या यंत्राची जन्मभूमि स्वित्झर्लंड. तेथील लोझान शहरीं ब्रायन ओरेगन व मायकेल ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनीं १९९१ साली एक नवा प्रकाशघट जगापुढें ठेविला. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगलेपांत वापरतात ती शुभ्र पूड. तिचे अतिसूक्ष्म कण एकमेकांस चिकटवून त्यांनीं कांचेवर सच्छिद्र थर बसविला. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढी होती. ही पूड पांढरी, म्हणजे दृश्य प्रकाश ती परत पाठविते. तो तिला पचवितां येत नाहीं. यासाठीं तिच्या प्रत्येक कणावर त्यांनीं एका रंगद्रव्याचा लेप दिला. प्रकाश रंगानें शोषावा आणि त्यायोगें मोकळा झालेला इलेक्ट्रॉन पुडीनें पुढें न्यावा, अशी ही कामाची वांटणी होती. कांचेवर पडलेल्या प्रकाशशक्तीपैकीं शेंकडा सात भागांहून अधिक शक्तीचें त्यांनीं विजेंत रूपांतर करून दाखविलें.

यांतील खरें आश्चर्य असें कीं, तो लेप केवळ एका रेणूइतका जाड होता. एक रेणू म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सरांनीं आम्हांस बेंजामिन फ्रँकलिन यांची गोष्ट सांगितली. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर त्यांनीं चहाचा एक चमचा तेल ओतलें, तों सुमारें अर्धा एकर पाणी आरशासारखें शांत झालें. हा वृत्तांत १७७४ साली प्रसिद्ध झाला. चमचाभर तेलास अर्ध्या एकरानें भागिलें असतां त्या तेलाची जाडी मिलिमीटरच्या सुमारें चार लक्षाव्या भागाएवढी येते. तीच साधारणपणें तेलाच्या एका रेणूची उंची होय. हा भागाकार आम्हीं फळ्यावर स्वतः केला आणि थक्क झालों.

परंतु फळ्यावर पटलेलें हातांत उतरतेंच असें नाहीं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं, महाविद्यालयाच्या भट्टींतून भाजून आणलेल्या दोन कांचा आमच्यापाशीं होत्या. त्यांतील एक रसांत बुडवून आम्हांस समाधान होईना. जितका रंग गडद तितकी वीज अधिक, असें मनानें घेतलें. आम्हीं रस आटवून घट्ट केला, तो कांचेवर थापला व वाळवून पुन्हां थापला. कांच काळीभोर दिसूं लागली. दुसऱ्या एका कांचेवर मेणबत्तीची काजळी धरून ती तिच्यावर बसविली, मध्यें आयोडीनच्या द्रावणाचे थेंब सोडले आणि उन्हांत धरिली. काटा हलला न हलला, इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहुणे यावयाचे होते. आमच्यांतील एकानें मेजाखालीं विजेरींतला एक सेल दडविला व त्याच्या तारा कांचेच्या तारांस जोडिल्या. इतर तिघांनीं पाहिलें आणि कोणीहि ब्र काढला नाहीं. सबब दोष चौघांचाहि आहे. काटा झोकानें सरकला. लोक वाहवा करूं लागले. आमचे वडीलहि त्या लोकांत होते.

इतक्यांत पांचवींतला एक लहानगा पुढें आला. त्यानें तळहातानें कांच झांकली, काट्याकडे पाहिलें व विचारलें, "दादा, उजेड झाकला तरी काटा खाली का येत नाही?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सावली पडली असतां ज्याचा काटा उतरत नाहीं, त्यास प्रकाशघट म्हणणें हा असत्याचा कळस होता, आणि तो एका बालकाच्या हातानें उघडा पाडिला होता. आम्हीं सेल काढून मेजावर ठेविला व सरांकडे जाऊन सर्व सांगितलें. सर रागावले नाहींत. "हें वडिलांनाहि सांगा," एवढेंच ते म्हणाले. तें काम सर्वांत कठीण गेलें.

त्या दुपारीं आमच्यांतील एकाची आजी प्रदर्शन पाहावयास आली. त्यांचें घराणें रंगाऱ्यांचें. ती काळी कांच बोटानें चाचपून त्या म्हणाल्या, "बाळांनो, रंगवल्यावर धुतलीत का ही? धाग्यानं धरला तेवढाच रंग खरा. वरचा नुसता बसलेला असतो. तो काढल्याशिवाय कापडाचा रंग कळत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. सरांनीं फळ्यावर समजाविलें होतें तेंच हें होतें! पुडीच्या कणास प्रत्यक्ष बिलगलेला रंगाचा रेणूच आपला इलेक्ट्रॉन तिला देऊं शकतो, आणि आयोडीनचें द्रावण त्याची उणीव भरून काढतें. त्याच्यावर रचलेल्या रेणूंना पुडीचा स्पर्शच नाहीं. ते प्रकाश शोषतात, परंतु त्याची ऊब होऊन तो वायां जातो. शिवाय ज्या छिद्रांतून द्रावण आंत जावयाचें तीं छिद्रें ते बुजवितात. एकच पातळ थर पुरतो, याचें कारण पुडीचा सच्छिद्रपणा हें आहे. तिच्या असंख्य कणांचा पृष्ठभाग एकत्र धरिला तर तो वरून दिसणाऱ्या कांचेच्या शेंकडों पट भरतो.

उरलेली कांच आम्हीं ताज्या रसांत दहा मिनिटें बुडविली, प्रथम पाण्यानें व मग स्पिरिटनें धुतली. सुटा रंग वाहून गेला आणि मागें फिकट जांभळी छटा राहिली. ती पाहून आमचा धीर खचला होता. तथापि व्हरांड्यांतील उन्हांत धरतांच काटा उठला आणि सुमारें पाव व्होल्टावर स्थिर झाला. तेवढ्यानें दिवा लागत नाहीं. चार दिवसांनीं द्रावण सुकलें, रंग विटला व घट निकामी झाला, हेंहि येथें नमूद करणें अवश्य आहे.

परंतु त्या सायंकाळीं, ऊन उतरण्यापूर्वीं, आम्ही पांचवीच्या वर्गांत जाऊन त्या लहानग्यास शोधून आणलें. त्यानें कांचेवर हात धरिला. काटा खालीं आला. हात काढिला, काटा वर गेला. असें त्यानें कितीदां केलें हें आम्हीं मोजलें नाहीं. त्याच्या त्या खेळाहून मोठें प्रशस्तिपत्र आम्हांस त्या प्रदर्शनांत मिळालें नाहीं, आणि त्याची आम्हांस खंतहि नाहीं.