राजारामपुरी ते निपाणी : भावकीच्या कागदामागे

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगायला आडनाव लागत नाही, गल्लीचा नंबर पुरतो. छत्रपती राजाराम महाराजांचं नाव मिरवणारी ही आखीव वस्ती. पहिली गल्ली, दुसरी गल्ली करत माणूस बिनचूक घरी पोचतो. आमच्या भावकीची वंशावळ मात्र अशी सरळ नव्हती. तिचा एक तुकडा इथल्या काकींच्या लोखंडी कपाटात, दुसरा कागलच्या आण्णांकडे, तिसरा निपाणीजवळच्या तात्यांकडे. पणजोबांच्याही आधी वाटण्या झालेली ही घरं. एरवी भेटायची ती लग्नात नाहीतर मयतीला.

सगळ्यांना एकत्र आणलं ते सरकारी कागदांनी. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं तिचं काम पुढे राज्यभर वाढलं आणि 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधायला गावोगावची दप्तरं उघडली गेली. नोंद सापडली तरी तिच्यातला माणूस आपलाच पूर्वज, हे दाखवायला वंशावळ हवीच. नोंद एका घराला मिळायची आणि नातं जुळवणारा कागद दुसऱ्याच्या माळ्यावर असायचा. मग फोन सुरू झाले. कुणबी दाखल्याची घाई असलेले पुढे गेले. आम्हा काही जणांना मात्र या शोधाचा नादच लागला.

काकींच्या सोप्यात कार्डशीटला कार्डशीट चिकटवून केलेला लांब कागद अंथरला होता. पुण्याची पुतणी लॅपटॉप घेऊन बसली होती, पण सगळ्यांचा विश्वास पेन्सिल आणि खोडरबरावर. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा शेतकऱ्यांची पोरंही शाळेच्या पटावर आली. तिथपर्यंत शाळेची जनरल रजिस्टरं हात देतात. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना 14, वारसांसाठी 6-क आणि जमिनीच्या हस्तांतरासाठी फेरफार. त्याच्या मागे गेलं की मोडी लागते.

काकींकडच्या मोडी कागदाची घडी इतकी जुनी की ओळ नेमकी दुमडीवर फाटलेली. पुतणीने फोटो मोठा करून दाखवला : ‘अमका बिन तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा. आडनाव नाहीच. सन फसली, त्यात 590 मिळवले की इसवी सनाच्या आसपास यायचं. खरा घोळ नावांचा. आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे एकच जोडी उलटसुलट पुन्हा येते आणि नातू आज्याच्या जागी जाऊन बसतो. बायकोचं नाव कुठे मिळालं तरच पिढी ठरते, आणि बायकोचं नाव बहुधा नसतंच.

दुसऱ्या दिवशी सायबर चौक आणि शिवाजी विद्यापीठ मागे टाकून आम्ही बेंगळुरू महामार्गाला लागलो. कागल आलं की आण्णा थांबल्याशिवाय सोडत नाहीत. इथल्या घाटग्यांच्या घराण्यातले यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज 1940 मध्ये वारले, त्यानंतरही गादी दत्तकानेच चालली. 1947 मध्ये आलेले शहाजी महाराज तर देवासचे. राजघराण्याच्या वंशवृक्षातही तुटक रेघा आहेत, मग आमचं काय?

आमची तुटक रेघ आण्णांच्या ट्रंकेत होती. काकींच्या यादीत एका भावापुढे नुसतं ‘निर्वंश’ लिहिलेलं. आण्णांच्या यादीत त्याच नावाचा माणूस भरल्या घराचा मूळपुरुष, पण त्याचा बाप कोण ते कोरं. सोबतचं दत्तकपत्र वाचल्यावर दोन्ही याद्या जुळल्या. पोर इकडून उठून चुलत्याच्या मांडीवर बसलं होतं. इकडच्यांनी खोडलं, तिकडच्यांनी मागचं लिहिलं नाही.

‘म्हंजे आमीच थोरली पाती की!’ आण्णा म्हणाले.

‘आधी च्या घ्या,’ काकी म्हणाल्या.

पुढे दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा नाका गेला आणि पाट्या कन्नड झाल्या. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत निपाणीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी, तंबाखूच्या बाजारात मराठी, पण जमिनीचे पुढचे उतारे कन्नडात. कोल्हापूरच्या पोरांना ते चित्रासारखे दिसतात. तात्या मात्र पेपर वाचावा तसे वाचतात. मोडी पुतणीची, कन्नड तात्यांचं, अशी वाटणी आपोआप झाली.

तात्यांनी वंशावळ सांगणाऱ्या म्हाताऱ्या हेळव्याला बोलावून ठेवलं होतं. कोकणातल्या घराण्यांनी गोखले कुलवृत्तांतासारखे छापील ग्रंथ काढले. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या आहेत. हरिद्वारच्या पंडांच्या वह्या तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मवर घेतल्या. सीमाभागातल्या शेतकऱ्याचा कुलवृत्तांत हेळव्याच्या बोचक्यात असतो. बेळगाव जिल्ह्यातून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बैल घेऊन ठरलेल्या घरी येतात, वंशावळ वाचून दाखवतात, नव्या जन्मांची नोंद करतात आणि धान्य, कापड, भांडं असा मान घेऊन पुढच्या गावाला जातात.

म्हाताऱ्याने कापडातून वही सोडवली आणि कन्नड हेल काढून नावं म्हणायला सुरुवात केली. मूळ गाव कोणतं, तिथून कोण उठलं, कुठे वस्ती केली. आमच्या कार्डशीटवर ज्या दोन फांद्या लोंबकळत होत्या, त्यांचा बाप त्याने एका दमात सांगितला. दत्तक गेलेलं पोरही त्याच्याकडे होतं, दोन्ही घरांत. पुतणीने रेकॉर्डिंग सुरू ठेवून भराभर लिहून घेतलं.

वाचन संपल्यावर त्याने कोरं पान काढलं. मागच्या फेरीनंतर कुणाला काय झालं? तात्यांनी नातवांची नावं सांगितली, आण्णांनी सांगितली. मग काकी पुढे सरकल्या.

‘माझ्या दोनी लेकी घाला. अन्‌ ही पोरगी. मोडी हिनंच वाचलीया.’

म्हातारा तात्यांकडे बघू लागला. लेकी नवऱ्याच्या घरच्या वहीत जातात, आणि त्या घराचा हेळवी वेगळा, असं त्याचं म्हणणं.

‘मग त्याला काय कळणार ह्या कुठनं आल्या त्या?’ काकी म्हणाल्या. ‘तुमी घाला.’

तात्यांनी सुपात आणखी दोन शेर जोंधळा ओतला. म्हाताऱ्याने पेनाचं टोपण काढलं आणि थोरल्या लेकीचं सासरचं गाव विचारलं.